रास गाफची वाटेकरीण

हुमैरिया, ६ जिल्काद १३३२
(तुझ्या मुंबईच्या हिशेबाने सप्टेंबर १९१४ चा शेवट)

मिशारी,

सलाम. अकरा वर्षांनी लिहिते आहे. आठवण आली म्हणून लिहीत नाही, काम निघाले म्हणून लिहिते. उत्तर पाठव असा आग्रह नाही. वाच, एवढेच.

इंग्रज आणि जर्मन यांची जुंपली आहे हे भायखळ्याच्या तबेल्यात बसून तुला आमच्या आधी कळले असेल. तुर्कांचे अजून तळ्यात-मळ्यात चालले आहे. पण हजचा महिना संपायच्या आत तेही लढाईत उतरणार, असे मोती विकायला येणारा प्रत्येक नाखवा सांगतो. त्यामुळे एरवी ज्यांना आपले गाव नकाशावर सापडत नव्हते, ते सगळे आता आपल्या दारात उभे आहेत.

आधी बसऱ्याहून तुर्कांचा एक बडा अंमलदार, बे, आला. त्याने शेख दुऐजला सोन्याच्या मुठीची तलवार दिली आणि रास गाफच्या टोकावर तोफा बसवू द्या म्हणाला. दुऐजने तलवार घेतली आणि विचार करून सांगतो म्हणाला. अजून विचारच करतो आहे. आपला चुलतभाऊ या कामात वाकबगार आहे, हे तू कधी कबूल केले नाहीस. तू गेलास तेव्हा म्हणालास, की दुऐजला गादीवर बसवणाऱ्या बहिणीचे तोंड पाहणार नाही. मी त्याची बाजू घेतली ती विचार करून घेतली. तू घोडे उत्तम सांभाळतोस. माणसे सांभाळायला लागणारा धीर तुझ्याकडे नव्हता.

ते असो. बे गेला आणि इंग्रज सरकारचा वकील आला. कॅप्टन हॅलवर्ड. उंच, सडपातळ, उन्हाने नाक सोललेले. दिवाणखाना भरलेला होता. मोत्यांचा मोसम संपवून परतलेले सगळे नाखवे भिंतीला टेकून बसले होते. मी नेहमीसारखी जाळीमागे. कॉफीचा पेला हातात आला तेव्हा कॅप्टनने तो तोंडाला लावला नाही. समोर गालिच्यावर ठेवला आणि गप्प बसला.

पाहुण्याने पेला खाली ठेवला की त्याला काही मागायचे असते, आणि यजमान ते देतो. हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेले. दुऐजच्या तोंडून विचार करण्याआधीच निघून गेले:

"प्या, कॅप्टन. ज्यासाठी आलात ते मिळालं म्हणून समजा."

वाळवंटातला बदू असता तर त्याने उंट मागितला असता, मुलीचा हात मागितला असता, फार तर एखाद्या खुनाची माफी. कॅप्टनने दोन घोटात कॉफी संपवली, मिशा पुसल्या आणि रास गाफ मागितले. विहिरींसकट. कोळशाचे कोठार, तारेचे ऑफिस आणि त्यांच्या रक्षणासाठी सहा तोफा.

भर दिवाणखान्यात दिलेला शब्द मागे घेतला तर दुऐजला या किनाऱ्यावर कुणी सलाम केला नसता. आणि दिला तर? गावात दुसरे गोडे पाणी नाही हे तुला काय सांगायचे. ज्याच्या ताब्यात त्या विहिरी, त्याच्या ताब्यात आपण.

दुऐजने खूप वेळ दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "माझा शब्द खरा. पण तो माझ्या वस्तूपुरता. रास गाफ माझ्या काकांचं होतं. ते गेल्यावर दोन वाटे मिशारीला मिळाले, एक वाटा तरफाला. त्यांनी दिलं तर मी आड येणार नाही."

तो सुटला आणि ओझे आपल्या दोघांच्या डोक्यावर आले. म्हणून हे पत्र. तुझ्याकडे माणूस येईल. विकू नकोस. ही विनंती नाही.

तरफा


हुमैरिया, १९ जिल्काद

मिशारी,

बोट आली. तुझे पत्र नव्हते. ठीक आहे.

कॅप्टन काल माझ्याकडे येऊन गेला. मी पडद्याच्या आत, तो बाहेर, आणि त्याच्या बाजूला त्याचा दुभाषी, कराचीचा मुन्शी समद. मुन्शीला काम फारसे नव्हते, कारण कॅप्टन स्वतः अरबी बोलतो. पुस्तकातली बोलतो. ऐकणारा मरून चारशे वर्षे झाली असावीत असे वाटते.

"बाईसाहेब, आमच्या सरकारला तुमच्या गावाचं रक्षण करायचं आहे."

"कुणापासून?"

"तुर्कांपासून. ते रास गाफवर तोफा आणतील."

"आणि तुम्ही काय आणणार, खजूर?"

मुन्शी खोकला. कॅप्टन म्हणाला, की त्यांच्या तोफा संरक्षणासाठी आहेत.

"तुमच्या तोफा तिथे आल्या की तुर्कांच्या तोफा तिकडेच वळणार. मधे माझ्या विहिरी. एक गोळा आत पडला, की पाणी कोण पिणार? तुम्ही?"

"शेखसाहेबांना पाच तोफांची सलामी मिळेल."

"शेजारच्या शेखला सात मिळतात."

"सातही देता येतील."

"मुन्शीजी, तुमच्या साहेबांना विचारा, सलामी मडक्यात भरून ठेवता येते का?"

मुन्शीने हे भाषांतर केलेच नाही. पण कॅप्टनला समजले होते. त्याचे नाक आणखी लाल झाले. मग तो मुद्द्यावर आला, आणि खरे सांगते, तेव्हा मला तो प्रथमच बुद्धिमान वाटला.

"आम्ही जबरदस्ती करणार नाही, बाईसाहेब. लढाई संपल्यावर तुर्क म्हणतील, इंग्रजांनी जमीन लुबाडली. ते मला नको आहे. मला तुमच्या काझीची मोहर हवी. सगळं तुमच्या शरियतप्रमाणे. आणि त्यासाठी तुमचा वाटा लागतच नाही. तुमच्या भावाचे दोन वाटे घेतले, की आम्ही वाटणी मागू. विहिरी मोठ्या हिश्श्यात येतील हे पाहणं माझं काम."

"माझा भाऊ अकरा वर्षं माझ्याशी बोललेला नाही."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "म्हणूनच आमचा माणूस गेल्या बोटीने मुंबईला गेला."

उठताना तो अदबीने वाकला. शिष्टाचाराला चुकत नाही.

मिशारी, तुझा माझ्यावर राग आहे तो माझ्यावर काढ. विहिरींवर काढू नकोस. पाणी भरायला येणाऱ्या बायकांनी दुऐजला गादीवर बसवले नव्हते.

तरफा


हुमैरिया, २ जिल्हज

मिशारी,

या बोटीनेही काही नाही. म्हणजे तुझे पत्र नाही. बातमी मात्र आहे. नाखवा सुलैतीन मुंबईहून आला. त्याने तुला कॅप्टनच्या माणसाबरोबर घोड्यांच्या शर्यतीत पाहिले. खांद्याला खांदा लावून बसला होतात आणि हसत होतात म्हणे. सुलैतीन तुला मुलासारखा मानतो, त्यामुळे सांगताना त्याची मान खाली होती. "बाई, हसतो माणूस. घोडे पाहताना तो नेहमीच हसायचा," म्हणाला. मी त्याला म्हटले, तू मोत्यांचे पाहा.

मग मी काझी मुबारककडे गेले. तो आता जाडजूड झाला आहे आणि बोलण्याआधी डोळे मिटतो. विचारले, एका वाटेकऱ्याने परक्याला जमीन विकली तर दुसरा काय करू शकतो?

त्याने डोळे मिटले. "शुफा. वाटेकऱ्याचा पहिला हक्क. परक्याने जी किंमत दिली तीच देऊन तो जमीन सोडवून घेऊ शकतो. पण तरफा, हा हक्क दोरीने बांधलेल्या ससाण्यासारखा आहे. दोरी सुटली की गेला."

"सरळ सांगा."

"विक्रीची बातमी कानावर पडली त्या क्षणी उठायचं आणि साक्षीदारांसमोर मागायचं. घास तोंडात असला तर चावत बसायचं नाही. 'अरे देवा, असं झालं का' म्हणत गालाला हात लावायचा नाही. एवढासा उशीर झाला तरी हक्क बुडतो. मग त्याच दमात जमिनीवर जाऊन पुन्हा साक्षीदारांसमोर मागायचं. भल्याभल्यांचा पहिल्याच पायरीला बुडालाय. बातमी वाईट असते ना, माणूस आधी खाली बसतो."

"मी बसणार नाही."

"सगळे असंच म्हणतात," काझी म्हणाला.

तेव्हा हे तुला कळवून ठेवते. विकायचे तर विक. मी उठेन. किंमत कितीही असो, माझ्याकडे आईचे मोती आहेत, नवऱ्याने मागे ठेवलेल्या दोन नावा आहेत. सगळे जाईल, पण रास गाफ जाणार नाही. फक्त यापुढे माझा भाऊ मेला असे मी सांगत जाईन.

तरफा


हुमैरिया, १४ जिल्हज

मिशारी,

उठले!

तू विकलेस. कधी विकलेस, कितीला विकलेस हे मला अजून माहीत नाही आणि या क्षणी त्याची पर्वाही नाही. हात अजून मेंदीने माखलेले आहेत, कालपासून धुवायला सवड झाली नाही, कागदावर डाग पडतील, पडू देत. काल जे घडले ते तुला कळलेच पाहिजे. आपण काय गमावून बसलो हे कळावे म्हणून.

ईद संपताच दुऐजच्या लेकीचे, दानाचे, लग्न काढले होते. तू गेलास तेव्हा ती सात वर्षांची होती. काल दुपारी तिची मेंदी. गावातल्या झाडून साऱ्या बायका, वर डफवाल्या. तिचा पाय माझ्या मांडीवर होता, डाव्या तळव्याची मेंदी झाली होती, उजव्याची सुरू केली होती. ज्या बाईने मेंदीला हात लावला तिने दोन्ही पाय पुरे झाल्याखेरीज उठायचे नाही, हे तुला पुरुष असूनही ठाऊक असेल. उठली तर मुलीचा संसार अर्धा राहतो. मी स्वतः या गोष्टी मानत नाही. पण दाना माझ्या अंगाखांद्यावर वाढली आहे, आणि तिची आई माझ्या समोर बसली होती.

नेमक्या त्या वेळी पडद्याबाहेरून मुन्शी समदचा आवाज आला. इतका हळू, की जणू त्याला स्वतःलाच ऐकायचे नव्हते.

"तरफाबाई, कॅप्टनसाहेबांचा निरोप आहे. तुमचे बंधू मिशारी यांनी रास गाफचे दोन वाटे आमच्या सरकारला विकले."

डफ थांबले. दानाचा पाय माझ्या मांडीवर जड झाला. वेळ कुणी निवडली आणि का निवडली हे मला तिथल्या तिथे समजले. कॅप्टनने आपली पुस्तके नीट वाचली आहेत. बाई मेंदीवरून उठणार नाही, आणि मेंदी पुरी होईपर्यंत हक्क बुडेल.

दानाच्या आईने माझ्याकडे पाहिले. मग दाना ओरडली, "ऊठ ना, आत्या! माझा संसार मी बघून घेईन!"

तिचे वाक्य पुरे व्हायच्या आधीच मी उभी होते. मेंदीचे ताट उलटले. ते दानाच्या आईच्या नव्या कपड्यांवर गेले आणि ती माउली किंचाळली देखील नाही. मी म्हणाले, इतक्या मोठ्याने की बंदरावर ऐकू गेले असावे: "मी तरफा, रास गाफची वाटेकरीण. माझ्या वाट्याच्या जोरावर माझ्या भावाने विकलेले दोन्ही वाटे मी मागते. तुम्ही सगळ्या साक्षी आहात."

"आहोत!" डफवाल्याही ओरडल्या.

"आणि तुम्ही, मुन्शीजी? मुसलमान आहात ना?"

पडद्याबाहेरून, "आहे, बाई. ऐकलं."

तशाच निघालो. गाढवे मिळाली त्या गाढवांवर, बाकीच्या पायी. साक्षीला दोन बायका मिळून एक पुरुष धरतात, म्हणून मी एवढ्या बायका नेल्या की निम्म्या धरल्या तरी पलटण भरावी. लग्नाचे झगमगते कपडे, पायात पैंजण, पुढे डफ, आणि समुद्राच्या कडेने सगळी वरात. मागून मुन्शी छत्री धरून धावत होता. त्याला कुणी बोलावले नव्हते.

रास गाफवर गोरे खलाशी हद्दीचे पांढरे खांब रोवत होते. आम्हाला पाहून त्यांनी फावडी खाली ठेवली. एकाने टोपी काढली; त्याला बहुधा वाटले, लग्न तिथेच लागायचे आहे. मी विहिरीच्या काठावर उभी राहिले आणि तेच शब्द पुन्हा बोलले. बायकांनी जिभा हलवून असा गजर केला की झाडावरचे पक्षी उडाले. म्हातारी गुमाशा, तिला आता धड दिसतही नाही, ती गेली आणि तिने एक खांब हलवून पाहिला. "कच्चा आहे," म्हणाली आणि उपटला. मग बाकीचे खांब कुणी उपटले हे मला विचारू नकोस. मी पाठमोरी होते.

मिशारी, अब्बा जिवंत असते तर काल तिथे असते. तू नव्हतास. तू विकणाऱ्यांमध्ये होतास.

निवाडा काझीसमोर व्हायचा आहे.

तरफा


हुमैरिया, २१ जिल्हज

मिशारी,

हे पत्र मी तीनदा सुरू केले.

तुर्क आणि इंग्रज यांची लढाई जाहीर झाली. इंग्रजांची जहाजे रोज उत्तरेला जातात, काळ्या धुराची रांग दिसते. अशा गडबडीत निवाडा कोण ऐकतो असे वाटले होते. पण काझीची मोहर कॅप्टननेच मागितली असल्यामुळे त्याला निवाडा टाळता येईना, आणि किनाऱ्यावरचे सगळे शेख आपापली माणसे पाठवून पाहत होते, की इंग्रज आपल्या शब्दाला किती जागतो.

काझी मुबारकने डोळे मिटले. "बाई बातमी ऐकताच उठली का?"

कॅप्टन म्हणाला, "घरात काय झालं ते कुणी पाहिलेलं नाही. साक्षीदार सगळ्या बायका, आणि सगळ्या तिच्या मैत्रिणी."

"मुन्शीजी," काझी म्हणाला, "तुम्ही होतात ना?"

मुन्शी समद त्याच कॅप्टनची भाकरी खातो. तो उभा राहिला. टोपी नीट केली. "मधे पडदा होता, काझीसाहेब. पण माझा निरोप संपला आणि ताट पडलं. दोन्हींच्या मधे मला थुंकी गिळायलाही वेळ मिळाला नाही. त्या बसल्या असत्या तर बरं, असं मला सांगून पाठवणाऱ्यांना वाटत होतं. त्या बसल्या नाहीत."

कॅप्टनने त्याच्याकडे पाहिलेदेखील नाही.

"हक्क शाबीत," काझी म्हणाला. "आता किंमत. साहेबांनी जी दिली तीच बाई देईल. किती दिली?"

मी आईच्या मोत्यांची पुरचुंडी मांडीवर घेऊन बसले होते. नावांचे गिऱ्हाईकही ठरवून आले होते. मुन्शीने कागद उघडला, एकदा वाचला, मग कागद डोळ्यांजवळ नेला.

"शंभर रियाल."

सगळा दिवाणखाना हसायला लागेपर्यंत मला ते समजले नाही. शंभर रियालात बरे गाढवही येत नाही.

कॅप्टन उठला. "ही खरी किंमत नव्हे. जमीन याच्या कितीतरी पट मोलाची आहे!"

"मग याहून जास्त काही दिलं का तुम्ही?" काझीने डोळे उघडले. "दिलं असेल तर सांगा. तेही बाई भरेल."

दुऐज आपल्या गादीवरून, अगदी निरागस चेहऱ्याने म्हणाला, "सुलैतीन म्हणत होता, मिशारीचे सगळे घोडे इंग्रजी पलटणीने घेतले. दुप्पट दराने. लंगडेसुद्धा."

"घोड्यांचा व्यवहार लष्कराचा होता," कॅप्टन म्हणाला. "त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

दुसरे तो काय म्हणणार? संबंध आहे म्हटले असते, तर सलामीच्या तोफांच्या आधी लाच पोचते हे सगळ्या किनाऱ्याला कळले असते.

"संबंध नाही तर नाही," काझी म्हणाला आणि मोहर उचलली.

शंभर रियाल मी तिथेच मोजून दिले. मोती जसेच्या तसे घरी आले. त्यातले दोन दानाला दिले. तिचा नवरा तिच्यापुढे जीभ हलवत नाही, संसार अर्धा राहण्याचे लक्षण अजून दिसत नाही. कॅप्टनला मी दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला: तुमच्या जहाजांना पाणी मिळेल, इतर कुठल्याही जहाजाला मिळते तसे, मडक्यामडक्याने, दाम मोजून. तोफ एकही नाही. तुमची नाही आणि तुर्कांचीही नाही. तासाभरात त्याची होडी रिकामी पिंपे घेऊन आली. वाईट माणूस नाही तो. मुन्शीला त्याने कामावरून काढले, आणि दुऐजने त्याच संध्याकाळी मुन्शीला आपल्याकडे ठेवून घेतले. आता बसऱ्याच्या बेला पाठवायच्या उत्तराचा मसुदा दोघे मिळून करत आहेत. त्यात एकच ओळ आहे: रास गाफ माझे नाही, तरफाला विचारा. दुऐज इतका खुशीत आहे की ती तलवार लावून फिरतो.

आता तुझे. मी घरी येऊन हिशेब मांडला. माझे तिसरे पत्र तुला पोचायच्या आधीच तू सही केली होतीस. म्हणजे शुफाची युक्ती मी तुला सांगितली नाही, ती तुझी तुलाच सुचली. तू किंमत मुद्दाम शंभर लिहून घेतलीस, मला तेवढीच भरावी लागेल म्हणून. खरे मोल घोड्यांच्या पोटात घातलेस. आणि शर्यतीत बसून हसलास. उत्तर दिले नाहीस, कारण आपण आधी ठरवले होते असा नुसता वास आला असता, तरी काझीने मोहर उचलली नसती. एवढे सगळे तू एका गोष्टीच्या भरवशावर केलेस. बातमी कधी येईल, कुठे येईल, मांडीवर काय असेल, हे तुला माहीत नव्हते. तुला फक्त एवढे माहीत होते, की मी बसणार नाही.

अकरा वर्षांत तुला माझ्याविषयी एवढे आठवत असेल, असे मला वाटले नव्हते.

तू माणसे सांभाळू शकत नाहीस असे पहिल्या पत्रात लिहिले होते. ते वाक्य खोड.

मात्र एक गोष्ट स्पष्ट करते. रास गाफचे तिन्ही वाटे आता माझे आहेत. तू विकलेस, मी घेतले, काझीची मोहर आहे. ते परत द्यायचा माझा बिलकूल विचार नाही. मोसमी वारा उत्तरेचा आहे, पण बोटींना आता वाऱ्याची गरज लागत नाही असे ऐकते. हवे असेल तर इथे ये आणि माझ्याशी समोरासमोर भांड.

तरफा